लोअर परळमधलं साडेनऊ लाखांचं घर

गिरणी कामगारांसाठीच्या सोडतीत लागलेलं आमचं घर २२५ चौरस फुटांचं. लोअर परळला, श्रीनिवास मिलच्या जागेवर. गगनाला भिडलेला वर्ल्ड वन टॉवरही याच मिलच्या जागेवर उभा आहे. तिथल्या एका फ्लॅटची किंमत कोटींत, आणि आम्ही भरले साडेनऊ लाख. "नशीबवान आहात, जवळजवळ फुकटच मिळालं," असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

फुकट काय मिळालं? १९९१च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक मालकाला, एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला, म्हणजे सरकारच्या गृहनिर्माण मंडळाला, घरांसाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची उरली. गिरण्यांच्या आवारात मोकळी जागा असते किती? साचे म्हणजे कापडाचे माग, गोदामं, खाती यांनीच आवार भरलेलं. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये हा बदल कायम ठेवला. २०२० च्या सोडतीत ३,८९४ घरं होती आणि अर्ज दीड लाखाच्या वर, हे गणित तिथूनच आलं.

अप्पा, माझे वडील, गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तो त्यांच्यासाठी कधी मिटलाच नाही. घर चाललं ते आईच्या खानावळीवर. गावाहून एकटे आलेले कामगार आमच्या चाळीतल्या खोलीत पाळीपाळीने जेवायला बसायचे. आता अप्पा नाहीत, घर वारस म्हणून आईच्या नावावर आहे, आणि तिचा तवा अजून तापतो. पहाटे कणीक मळते, पोळ्या कापडात गुंडाळते, भाजी डब्यात दाबून भरते आणि साडेअकराला कमला मिलच्या आवारातल्या ऑफिसांत डबे घेऊन चालत जाते. गिरण्या गेल्या, माणसं बदलली, पण दुपारची भूक तीच. परवा एका मुलीने कारल्याची भाजी परत मागितली म्हणून आई दिवसभर खूश होती. हे सगळं चालतं ते घर इथे आहे म्हणून.

भाऊकाका, अप्पांचे खात्यातले सोबती, अजून घराच्या यादीतच आहेत. त्यांचा गिरणीचा लाल पास, हजेरीचं कार्ड, फंडाची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटात वर ठेवलेली असते. आता त्यांच्यासारख्यांना शेलू-वांगणीला घरं द्यायची योजना पुढे आली आहे. बदलापूरच्याही पुढे! काकांना डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा परळला यावं लागतं. मुलगा दादरच्या दुकानात कामाला, सून लालबागला घरकामं करते. रात्री दुकान बंद करून तो शेलूला पोचणार कधी आणि सकाळी निघणार कधी? जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर गिरणी कामगार आणि वारस जमले तेव्हा "घर मुंबईतच हवं" हीच मागणी होती. काका जाऊ शकले नाहीत, मी गेले.

इथे राहणं सोपं आहे असंही नाही. लिफ्ट, पंप, पाण्याचा, सोसायटीचा खर्च दर महिन्याला येतो आणि चाळीतल्या भाड्याची सवय असलेल्या घरांना तो जड जातो. विक्रीवरच्या बंदीची मुदत संपली की दलाल फोन करतात. काहींनी विकलं, त्यांना मी बोल लावणार नाही, मुलीचं लग्न, आजारपण, कर्ज, कारणं ठाऊक आहेत. पण माझं स्पष्ट मत आहे, असं घर विकायचंच झालं तर ते सरकारने वाजवी दराने परत घ्यावं आणि यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावं. आणि मेंटेनन्ससाठी सोसायटीला सुरुवातीलाच ठेव द्यावी, म्हणजे विकायची वेळच कमी येईल.

काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, आधी पुढचा नंबर माझा लागू दे, मग ठेवीचं बघू."