हातभट्टीचा गेम

कंपनीनं केव्हाच बंद केलेल्या व्हिडिओ गेमच्या मशीनसाठी आजही नवे गेम लिहिले जातात, हे अण्णांना पटवून द्यायला मला एक अख्खा रविवार लागला. कंपनी काढत नाही, दुकानात मिळत नाही, लिहिणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. मग लिहितं कोण? म्हटलं, हौशी लोक. घरी बसून, नोकरी सांभाळून. इंग्रजीत त्याला होमब्रू म्हणतात. "म्हणजे काय?" म्हणजे, घरी गाळलेली. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हातभट्टी म्हण की."

याहून चोख भाषांतर मला अजून सापडलेलं नाही. तर मी गेली तीनेक वर्षं हातभट्टी लावतो. तीही फक्त कोड्यांची. गोळ्या झाडणं, खड्ड्यांवरून उड्या मारणं हे मला लहानपणी खेळायला जमलं नाही, ते आता चाळिशीत लिहायला काय जमणार.

मशीन आमच्याच माळ्यावरचं. १९९४ च्या दिवाळीत अण्णांनी आणलेलं. ते तेव्हा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या निन्तेन्दोच्या फॅमिकॉमची ही नक्कल. आपल्याकडे समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी ती मिळायची. आमच्या डब्यावर तर नावही धड नव्हतं. सोबतच्या कॅसेटवर लाखांच्या घरातला गेमचा आकडा छापलेला आणि आत फिरून फिरून तेच सहा. चालली नाही की कॅसेट काढायची, तोंडाजवळ धरून फुंकर मारायची, परत घालायची. फुंकरीनं काही होत नसे, उलट थुंकीचा ओलावा कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या तांब्याच्या पट्ट्यांवर बसायचा. काढून घातल्यामुळे पट्ट्या नीट टेकायच्या आणि श्रेय फुंकरीला जायचं. आता मी शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरानं पट्ट्या घासतो. दोन मिनिटांत तांबं चमकायला लागतं.

या जुन्या मशीनांची गरिबी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सगळ्यांत दरिद्री म्हणजे अमेरिकेतलं अटारी २६००, साल १९७७. कामाची मेमरी १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. आज आपण फोनवर मराठी टंकतो तेव्हा प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण अशा एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. मी एकदा हिशोब मांडला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढं लिहायला ६२ बाइट जातात. म्हणजे निम्मी मेमरी संपली आणि अजून नवऱ्या मुलाचं नावही आलेलं नाही.

बरं, लग्नाचा विषय निघालाच आहे तर अंतरपाटही आठवतो. अटारीला पडद्यावरचं चित्र साठवून ठेवायला जागाच नाही. टीव्हीचा किरण पडद्यावर एकेक ओळ काढत खाली सरकतो, आणि त्या ओळीत काय दिसायला हवं हे प्रोसेसरनं त्या ओळीपुरतं, त्याच क्षणी सांगायचं. एका ओळीला त्याच्या घड्याळाचे ७६ ठोके मिळतात. एकेक आज्ञा दोन ते सात ठोके खाते, म्हणजे ओळीमागे पंचवीस-तीस आज्ञा झाल्या की खेळ खलास. अशा १९२ ओळी, आणि हे सेकंदाला साठ वेळा. पडद्यावर काहीही हलत नसलं तरी. तुम्ही गालावर हात ठेवून पुढची चाल विचारात घेत असता, आणि ते बिचारं अंतरपाट धरणाऱ्यासारखं हात वर करून उभं असतं. मंगलाष्टकं लांबली तर लांबली, खाली सोडायची सोय नाही.

अशा मशीनवर एड फेडरमेयर नावाच्या हौशी माणसानं १९९५ साली, म्हणजे कंपनीनं त्यातून अंग काढून घेतल्यानंतर, 'एडट्रिस २६००' लिहिला. नावावरून कळतंच, वरून पडणारे ठोकळे रचायच्या टेट्रिसचा भाऊ. मला यात गंमत वाटते ती वेगळीच. मूळ टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी ज्या संगणकावर लिहिला, त्याला चित्रं काढताच येत नव्हती. ठोकळे कंसांच्या खुणा जोडून दाखवलेले. म्हणजे हा खेळ जन्मला तोच फाटक्या कपड्यांत. त्याला अटारीची गरिबी कसली बोचणार?

सगळ्याच कोड्यांचं थोडंफार असंच आहे. गाड्यांच्या शर्यतीला वेग लागतो, लढाईला गर्दी लागते. कोड्याला चौकोन लागतात आणि एक निवांत माणूस.

आमचं मशीन अटारीपुढे सावकार. २ किलोबाइट कामाची मेमरी, म्हणजे सोळा पट. आणि चित्र सांभाळायला वेगळी चिप. पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरशांचा, आडव्या ३२, उभ्या ३०. रंग मात्र फरशीगणिक मिळत नाहीत; चार फरशांचा मिळून जो सोळा बाय सोळाचा चौकोन होतो, त्याला तीन रंगांचा एक संच आणि मागचा एक सामाईक रंग. पडद्यावर बदल करायचा तोही किरण तळाशी पोचून पुन्हा वर जाईपर्यंतच्या उसंतीत. चित्र चालू असताना मध्येच हात घातलात तर सगळा पडदा विस्कटतो.

म्हणून मी सोकोबान घेतला. सोकोबान म्हणजे जपानीत गोदामाचा राखणदार. हिरोयुकी इमाबायाशी यांनी रचलेला हा खेळ ताकाराझुका इथल्या थिंकिंग रॅबिट कंपनीनं १९८२ साली काढला. वरून पाहिलेलं गोदाम, काही खोकी, काही खुणेच्या जागा. खोकं ढकलता येतं, ओढता येत नाही. एका वेळी एकच. कोपऱ्यात गेलं की गेलं, ते बाहेर निघत नाही. बस्स, नियम संपले. तिसरीतल्या मुलाला कळतात. पण जोसेफ कल्बरसन यांनी १९९७ साली सिद्ध केलं की सर्वसाधारण सोकोबान 'पीस्पेस-कम्प्लीट' जातीचा आहे. म्हणजे गोदाम वाढत गेलं तर उत्तराचा छडा लावताना संगणकालाही घाम फुटावा, असल्या प्रश्नांच्या पंगतीतला. आणि आमच्या मशीनला हा खेळ अगदी मापाचा बसतो. माणसाचं चित्र पडद्यावर सुटं फिरतं, त्यामुळे एक खोकं ढकललं की पडद्यावरचे बदलणारे चौकोन दोन: जिथून खोकं हललं तो आणि जिथं गेलं तो. आठ फरशा. उसंत संपायच्या आत लिहून होतात, वर चहा घ्यायला वेळ उरतो.

मी सांगलीकर, म्हणून खोक्याऐवजी हळदीचं पोतं काढलं. सोळा बाय सोळात पोतं काढायला मला दोन रात्री लागल्या. वर शिवणीचे चार टाके, पोटाला फुगवटा. मोठ्या अभिमानानं अण्णांपुढे ठेवलं.

"पोतं कोण ढकलतंय?" अण्णा म्हणाले.

"हमाल."

"पोतं पाठीवर घेतात. ढकललं तर तळाला फाटंल, हळद सांडंल. मालकाला तू उत्तर देणार?"

मी म्हटलं, खेळ आहे हो अण्णा. ते काही बोलले नाहीत, पण खेळलेही नाहीत. चार दिवसांनी जेवताना आपणहून म्हणाले, "तेलाचा डबा ढकलतात. किराणा दुकानात बघ. पंधरा किलोचा पत्र्याचा डबा उचलत कोण नाही, पायानं सरकवतात." मुकाट्यानं पोतं पुसलं. डबा एका तासात झाला. डबा मुळातच चौकोनी. पिवळा, तपकिरी आणि चकाकीला पांढरा, तीन रंगांत बसला. मला तर वाटतं, सोळा बाय सोळाच्या चौकोनासाठीच तो जन्माला आला असावा.

खऱ्या मशीनवर चालवायला कॅसेट हवी. स्वस्तातल्या बहुतेक कॅसेटींत सुटी चिप नसतेच, आतल्या सर्किटच्या पट्टीवर डांबरासारखा काळा थेंब टाकलेला असतो आणि खाली काय असेल ते. जुन्या बाजारातून आणलेल्या कॅसेटी मी उघडत गेलो. सातव्या कॅसेटीत पाय असलेल्या खऱ्या चिप निघाल्या. त्या काढून त्याजागी पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिप बसवल्या. आज्ञांना ३२ किलोबाइट, चित्रांना ८. एकूण ४०. फॅमिलीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं सूर्योदयाचं चित्रसुद्धा याहून जड असतं. पहिल्यांदा लावली तेव्हा संगीत झोपेत असल्यासारखं वाजलं. मी सेकंदाला साठ चित्रं धरून सूर बसवले होते आणि आमचं मशीन पन्नासवालं. धावायच्या गेममध्ये यानं घोळ झाला असता. इथं कोण धावतंय? सूर तसेच ठेवले. ते अण्णांना भजनासारखे वाटतात म्हणे.

खेळायला लागल्यावर मात्र अण्णांनी मला कामाला लावलं. वरच्या कोपऱ्यात मी पावलं मोजत होतो. त्यांना ते पटेना. "हमाली नगाला मिळते, चालण्याला नाही. किती वेळा ढकललं ते मोज." आणि खरंच, सोकोबानचे पट्टीचे खेळाडू उत्तराची किंमत दोन तऱ्हेनं करतात: पावलांत किंवा ढकलण्यांत. कमी पावलांचं उत्तर आणि कमी ढकलींचं उत्तर वेगळं निघू शकतं. अण्णांनी हे कुठं वाचलेलं नव्हतं. मी दुसरा आकडा लावला, त्याला नाव दिलं 'हमाली'.

दुसरं प्रकरण चुकीची चाल मागे घेण्याचं. एक पाऊल लक्षात ठेवायला दिशेचे दोन बिट, डबा ढकलला की नाही याचा एक; सोयीसाठी चार धरले. एका बाइटमध्ये दोन पावलं. मी २५६ बाइट बाजूला काढले, म्हणजे ५१२ पावलं मागं जाता येईल. जागा भरली की सगळ्यांत जुन्या पावलावर नवं लिहायचं. एका लेव्हलमध्ये एवढी पावलं मागं कोण जाणार, असा विचार करून मी पुढची तपासणी केलीच नाही.

अण्णा गेले तेवढे मागं. सतरावी लेव्हल त्यांनी दोन संध्याकाळी खेळली. मशीनमध्ये खेळ साठवायची सोय नाही, म्हणून रात्रभर टीव्ही बंद आणि मशीन चालू. अडॅप्टर इतका तापला की आई त्याच्यावर हात शेकून घेऊ म्हणाली. गोदामात ते इकडून तिकडे नुसतेच हिंडत होते. विचार करताना माणूस अंगणात फेऱ्या मारतो तसे. चूक कळली तेव्हा सुरुवातीला जायचं एक वेगळं बटण आहे म्हणून मी सांगितलं. "पहिल्यापासून नको, जिथं चुकलं तिथवर जायचंय." आणि मागे, मागे, मागे.

थोड्या वेळानं हाक आली. "अरे, डबा भिंतीत गेला."

"भिंतीत कसा जाईल, अण्णा?"

"ये बघायला."

डबा भिंतीत होता. अर्ध्या विटा, मध्ये पिवळाधमक डबा, त्याच्या शेजारी भिंतीतच उभा असलेला हमाल. पाचशे बारा पावलं मागं गेल्यावर वहीची पानं संपली होती आणि मशीन इमानानं पुन्हा शेवटच्या पानापासून उलटं वाचत सुटलं होतं. भलत्या चाली भलत्या जागी. मी सांगायला लागलो तर अण्णांनी हात वर केला. "खतावणीत असं होतं. जुन्या पानावर नवी नोंद केली की शिल्लक जुळत नाही. आधी ते पान बंद केलं का बघायचं असतं." चाळीस वर्षं खतावण्या लिहिलेल्या माणसाला मी रॅम समजावून सांगत होतो. तपासणीच्या चार ओळी त्याच रात्री घातल्या.

दुरुस्त चिप लावून त्यांनी सतरावी पुन्हा सुरू केली. सात डबे, मधली बोळ एकाच माणसापुरती. गुरुवारी दुपारी मी कामावरून लवकर आलो तर वीज गेलेली. सकाळपासून नव्हती म्हणे. टीव्ही काळा, मशीनचा लाल दिवा विझलेला. म्हणजे दोन संध्याकाळची हमाली पुन्हा गेली. मला वाईट वाटलं. अण्णा घरात दिसेनात. आई म्हणाली, ओसरीवर आहेत.

ओसरीला शहाबादी फरशी आहे. अण्णांनी त्यावर खडूनं गोदाम आखलं होतं. सात चौकोनांत सात चिंचोके, खुणेच्या जागांवर फुल्या आणि बोळीच्या तोंडाशी एक सुपारी. शेजारी गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेच्या पाठीवर रेघा मारून हमाली मोजलेली, पाच-पाचचे गठ्ठे करून. गुडघ्यांवर हात टेकून ते सुपारीकडे बघत होते. मी कोणता चिंचोका अडकलाय ते बघायला पुढे झालो.

"मागं सरक," अण्णा मान वर न करता म्हणाले. "भिंतीत उभा आहेस."