ईव्ही ट्रेनिंग कंटाळवाणं वाटतंय? आधी क्रम बदला

पोकेमॉन गेममध्ये ईव्ही ट्रेनिंगचा, म्हणजे इतर पोकेमॉन पाडून आपल्या पोकेमॉनचे स्टॅट (अटॅक, डिफेन्स, वेग असे आकडे) वाढवणारे ईव्ही गुण जमवण्याचा, विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: गवतात उभं राहायचं, तोच तो पक्षी पाडायचा आणि कागदावर रेघोट्या मारायच्या. पण खरा वेळ त्यात जात नाही. तो जातो लेव्हल-अपच्या पडद्यांत, मध्येच येणाऱ्या उत्क्रांतीत, मोजणी चुकली म्हणून पुन्हा सुरुवात करण्यात आणि नको त्या स्टॅटमध्ये पडलेले ईव्ही काढण्यात. कामांचा क्रम नीट लावला तर यातलं जवळजवळ सगळं टळतं. इथलं सगळं पोकेमॉन स्कार्लेट-व्हायोलेट या गेमना धरून आहे.

आधी थोडं गणित. एका स्टॅटमध्ये जास्तीत जास्त 252 ईव्ही बसतात, सगळे मिळून 510. लेव्हल 100 ला दर 4 ईव्हींमागे 1 गुण वाढतो. स्पर्धेतल्या लढती लेव्हल 50 ला होतात आणि तिथे हिशोब वेगळा आहे: आयव्ही (पोकेमॉनचा जन्मजात गुण) 31 असेल तर पहिला गुण 4 ईव्हींना मिळतो, पुढचा प्रत्येक गुण 8 ईव्हींना. म्हणजे 4, 12, 20, 28 असे टप्पे. 16 ईव्ही दिले तर 12 च्याच गुणांवर थांबता आणि 4 फुकट जातात. गारचॉम्प या पोकेमॉनचा वेग पाहा. लेव्हल 50 ला आयव्ही 31 आणि ईव्ही शून्य असताना तो 122 असतो, 252 ईव्हींनंतर 154. वेग वाढवणारा स्वभाव असेल तर 169. या 32 गुणांसाठीच सगळी मेहनत, त्यामुळे कुठे किती हवेत हे गवतात शिरण्याआधी लिहून ठेवा.

आता क्रम. पोकेमॉनला सगळ्यात आधी एक्सपी कँडी (अनुभव वाढवणारी गोळी) देऊन थेट लेव्हल 100 ला न्या. कँडीने ईव्ही वाढत नाहीत आणि लेव्हल 100 च्या पोकेमॉनला लढतीतून ईव्ही मिळतच राहतात. फायदा असा की मग लेव्हल वाढल्याचा पडदा येत नाही, नवी मूव्ह शिकायची का हा प्रश्न येत नाही, उत्क्रांतीही मध्ये येत नाही. उत्क्रांती थांबवायला एव्हरस्टोन हातात द्यायचा म्हटलं तर जास्तीचे ईव्ही देणाऱ्या पॉवर आयटमची जागा जाते, तो पेचही सुटतो. स्पर्धेत लेव्हल 100 आपोआप 50 धरली जाते, त्यामुळे नुकसान काहीच नाही. कँडी कमी असतील तर निदान सेटिंग्जमध्ये मूव्ह शिकण्याचा प्रश्न वगळण्याचा पर्याय चालू करा.

मग पॉवर आयटम. मेसागोझा शहरातल्या डेलीबर्ड प्रेझेंट्स या दुकानात प्रत्येकी 10,000 ला मिळतात. पॉवर वेट एचपीसाठी (पोकेमॉनचा जीव), ब्रेसर अटॅकसाठी, बेल्ट डिफेन्ससाठी, लेन्स स्पेशल अटॅकसाठी, बँड स्पेशल डिफेन्ससाठी आणि अँकलेट वेगासाठी. यातलं काहीही हातात असलं की पाडलेल्या प्रत्येक पोकेमॉनमागे त्या स्टॅटमध्ये 8 ईव्ही जास्तीचे पडतात. फ्लेचलिंग हा पक्षी मुळात वेगाचा 1 देतो, अँकलेटसोबत 9. आणि 28 गुणिले 9 बरोबर 252, ना कमी ना जास्त. या आयटमने वेग निम्मा होतो म्हणून काही जण बिचकतात, पण ट्रेनिंग घेणारे मागे बसलेले असतात, मैदानात येतच नाहीत. टीममधल्या सगळ्यांना पूर्ण ईव्ही मिळतात, प्रत्येकाला स्वतःच्या आयटमसकट. तेव्हा एकेकाला घेऊन फिरणं सोडा. पुढे एक लढवय्या, मागे पाच शिकाऊ.

लढवय्या निवडताना चार गोष्टी बघा. त्याचे 510 ईव्ही आधीच भरलेले असावेत. मैदानात येताच आपोआप हवामान बदलणारी किंवा शत्रूचा अटॅक पाडणारी अ‍ॅबिलिटी नसावी, कारण तिचा देखावा प्रत्येक लढतीत बघावा लागतो. मूव्हचं अ‍ॅनिमेशन छोटं असावं. या गेममध्ये अ‍ॅनिमेशन बंद करायची सोयच ठेवलेली नाही, आणि हा निर्णय मला आजही पटत नाही. चौथी गोष्ट म्हणजे मूव्ह हुकता कामा नये. या सगळ्यात स्विफ्ट ही मूव्ह चपखल बसते. ती हुकत नाही आणि तिचे पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येते तो आकडा) 20 आहेत, जे पीपी अप ही वस्तू तीनदा दिल्यावर 32 होतात.

मोजणीही याच पीपीवर सोडा. एका वाराला एक पोकेमॉन पडतोय, वार हुकत नाहीये, म्हणजे पीपीचा आकडा हाच तुमचा हिशोब. 32 ने सुरुवात केली आणि 4 उरले की 28 झाले. मध्येच फोन आला, गेम दोन दिवस बंद राहिला, तरी आकडा तिथेच असतो. फक्त अधेमधे पोकेमॉन सेंटरमध्ये जाऊ नका, पीपी भरले की हिशोब गेला. स्विफ्ट नॉर्मल प्रकारची असल्यामुळे गॅस्टलीसारख्या घोस्ट प्रकारच्या पोकेमॉनवर चालत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

जागेसाठी फार भटकावं लागत नाही. लॉस प्लातोस गावाच्या आसपास लेचॉन्क एचपी देतो, टारँटुला डिफेन्स, हॉपिप स्पेशल डिफेन्स आणि फ्लेचलिंग वेग, प्रत्येकी 1. अटॅकसाठी शिंक्स आणि स्पेशल अटॅकसाठी राल्ट्स चालतात. पुढच्या रूपांपासून मात्र सांभाळून. हॉपिप स्पेशल डिफेन्स देतो, पण त्याचंच पुढचं रूप स्किपलूम वेगाचे 2 देतं. घाईत भलताच स्टॅट भरतो. आसपासचे संपले की पिकनिक मांडा आणि लगेच आवरा, नवे येतात.

आणखी थोडी बचत करता येते. समजा सगळ्यांना अटॅक 252 आणि वेग 252 हवाय. शिंक्स शोधायची गरजच नाही. पाचही जणांना ब्रेसर देऊन 28 फ्लेचलिंग पाडा: अटॅक 224, सोबत वेग 28. सेंटरमध्ये पीपी भरून घ्या, अँकलेट द्या, आणखी 25 पाडा, वेग 252 वर थांबतो. अटॅकचे उरलेले 28 प्रत्येकी तीन प्रोटीनमध्ये (अटॅकचं व्हिटॅमिन) भरतात. एकूण 53 लढती, कुरण तेच, पोकेमॉन पाच. शेवटचे 4 तिसऱ्या स्टॅटसाठी: हातातला आयटम काढून त्या स्टॅटचे चार पोकेमॉन पाडायचे.

व्हिटॅमिन चॅन्सी सप्लाय या दुकानात 10,000 ला एक मिळतं आणि 10 ईव्ही देतं. पूर्वी व्हिटॅमिनने 100 च्या पुढे जाता येत नसे, सोर्ड-शील्ड या गेमपासून ती अट गेली. एक स्टॅट पूर्ण भरायला 26 लागतात, म्हणजे 2,60,000. पाच जणांचे दोन-दोन स्टॅट म्हटले की 26 लाख. एका पोकेमॉनची घाई असेल तर खुशाल विकत घ्या, पण अख्ख्या टीमसाठी हा रस्ता नाही.

व्हिटॅमिनचा खरा उपयोग अडनिड्या आकड्यांना. एचपीमध्ये 116 हवेत, तर 6 हा शेवटचा अंक 10 मधून वजा करा. उत्तर 4, म्हणून पॉवर वेट देऊन चार लेचॉन्क पाडा, 36 झाले. उरलेले 80 म्हणजे आठ एचपी अप (एचपीचं व्हिटॅमिन). 252 साठी याच रीतीने आठ लढती आणि अठरा व्हिटॅमिन. 4 किंवा 12 सारख्या छोट्या आकड्यांना ही युक्ती लागू पडत नाही, कारण लढतींतच आकडा ओलांडला जातो. तिथे आयटम काढून एकेक मोजणंच बरं.

आर बटण दाबून पोकेमॉनला एकटं लढायला पाठवलं तर अनुभव मिळतो, ईव्ही मिळत नाहीत. तासभर फिरून आलेख हलला नाही, अशी तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. टेरा रेडमधूनही (अनेकांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी केलेली लढत) ईव्ही मिळत नाहीत. उलट पोकेमॉन पकडला तरी मिळतात, ट्रेनरशी लढलात तरी मिळतात, आणि तेही टीममधल्या सगळ्यांना. तेव्हा शिकाऊ मंडळी सोबत असताना वाटेतल्या ट्रेनरशी बोलू नका.

माहितीच्या पडद्यावर स्टॅट बघताना एल दाबा, ईव्हींचा आलेख दिसतो. त्यात आकडे नसतात, पण 252 भरलेल्या स्टॅटवर चमक येते. कथेत सुरुवातीपासून वापरलेल्या पोकेमॉनचा आलेख आधीच सगळीकडे फुगलेला असतो. त्याला तसाच गवतात नेलात तर 510 ची मर्यादा आधीच गाठलेली असल्याने एकही ईव्ही पडत नाही. पोमेग, केल्प्सी, क्वालॉट, हॉन्ड्यू, ग्रेपा आणि टमाटो या बेरी अनुक्रमे एचपी, अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि वेग यांतले दर बेरीमागे 10 काढतात. टील मास्क हा गेमचा वेगळा विकत मिळणारा भाग घेतला असेल तर फ्रेश-स्टार्ट मोची एका घासात सगळं शून्य करते. जुन्या पोकेमॉनला ती देऊन मगच पॉवर आयटम हातात द्या.