बोटातला उजेड आणि बाबांचे ३८ ठोके

मागच्या डिसेंबरात सांगलीला घरी गेलो होतो. रात्रीची जेवणे झाल्यावर, नुकतेच उतरवून घेतलेले एक मोफत ॲप मी सगळ्यांना दाखवत होतो. फोनचा मागचा कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही झाकले जातील असे बोट ठेवायचे, अर्धा मिनिट हलायचे नाही, की पडद्यावर नाडीचा आकडा उमटतो. आईचे ७९ आले, माझे ८४ आले आणि बाबांचे ३८ आले. थंडीने बोट गार पडले असेल म्हणून बाबांना तळहात चोळायला लावून पुन्हा मोजले, तर पुन्हा ३८, तिसऱ्यांदा ३९. "तुझ्या फोनचं काहीतरी बिनसलंय," असे म्हणून बाबा उठू लागले, तेव्हा त्यांचे मनगट धरून, भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत मी स्वतः पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. ती ३८च भरली. शांत बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी साधारणपणे ६० ते १०० असते, हे शाळेत शिकलेले तेवढे मला आठवत होते. त्या रात्री आमच्या घरात कोणालाही नीट झोप लागली नाही.

सकाळी दवाखाना उघडताच आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका हाताने बाबांचे मनगट धरले, दुसऱ्या हाताने छातीवर स्टेथोस्कोप टेकवला आणि बराच वेळ काही न बोलता तसेच उभे राहिले. मग ईसीजी काढला, ती गुलाबी चौकटींची पट्टी टेबलावर पसरली आणि म्हणाले, "नाडी अडतीस आहे, आणि ठोके शहात्तर आहेत. दोन्ही बरोबर आहे."

पट्टीवर प्रत्येक अरुंद, टोकदार ठोक्यानंतर एक रुंद आणि वेडावाकडा ठोका घाईघाईने आलेला दिसत होता आणि त्याच्यामागे लांबलचक सपाट रेघ होती. ते घाईचे ठोके हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, वेळेच्या आधी निघत होते. कप्पा रक्ताने पुरता भरायच्या आतच तो आकुंचन पावत असल्याने त्या ठोक्यातून बाहेर पडणारे रक्त अगदीच थोडे असे आणि त्याची लाट मनगटापर्यंत किंवा बोटापर्यंत जाणवण्याइतकी पोहोचतच नसे. प्रत्येक दुसरा ठोका असा वाया जात असल्यामुळे छातीत ७६ आणि बोटात ३८ असा हिशेब जमत होता. डॉक्टरांनी रक्तातले क्षार तपासले, पोटॅशियम कमी निघाले, आणि रक्तदाबासाठी बाबा घेत असलेली, लघवी वाढवणारी गोळी त्यांनी बदलून दिली. चोवीस तासांचा ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफीही झाली. त्यांत आणखी काही निघाले नाही, एवढेच येथे सांगतो.

माझ्या डोक्यातून मात्र फोन जाईना. फोनला नेमके काय दिसले होते, हे मला स्वतः पाहायचे होते.

फ्लॅशचा पांढरा उजेड बोटाच्या पेरात शिरतो, त्वचा, चरबी आणि रक्त यांतून विखुरतो आणि त्यातला थोडासा परत येऊन कॅमेऱ्याच्या भिंगावर पडतो. रक्तातले हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश अधाशासारखा गिळते, लाल प्रकाश मात्र बराचसा सोडून देते; विजेरीवर मूठ धरल्यावर बोटे लालबुंद दिसतात ती यामुळेच. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनानंतर रक्ताची लाट बोटातल्या बारीक धमन्यांपर्यंत येते, त्या किंचित फुगतात, क्षणभर तेथे रक्त वाढते आणि परत येणारा उजेड किंचित घटतो. लाट ओसरली की उजेड पूर्ववत होतो. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे टिपत असतो, आणि या चित्रांचे गडद-फिके होणे हीच आपली नाडी. हा फरक इतका बारीक असतो की डोळ्याला तो कळतच नाही. पडद्यावर नुसता एक लाल चौकोन स्थिर बसलेला दिसतो. हृदयाशी फोनचा थेट संबंध यात कोठेही येत नाही. तो बोटातला उजेड मोजतो, त्यावरून रक्ताचा अंदाज बांधतो आणि रक्तावरून ठोक्यांचा.

पुण्याला परतण्याआधी मी बाबांच्या बोटाचा मिनिटभराचा साधा व्हिडिओ घेऊन ठेवला होता. पायथन या संगणकाच्या भाषेत चाळीसेक ओळी लिहून त्याची चित्रे सुटी केली, प्रत्येक चित्रातल्या सगळ्या बिंदूंच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांची सरासरी काढली आणि त्या आकड्यांचा आलेख मांडला. प्रत्येक रंगाची तीव्रता शून्य ते २५५ यांमध्ये मोजली जाते. पहिल्याच प्रयत्नात लाल रंगाची रेघ २५५ला टेकून सरळसोट गेली, कारण फ्लॅशचा उजेड इतका झाला होता की कॅमेऱ्याचे माप भरून ओसंडले होते आणि चढउताराला जागाच उरली नव्हती. हिरव्या रंगाच्या रेघेत मात्र नाडी दिसत होती. पुढच्या खेपेपासून मी व्हिडिओ घेण्याआधी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड टिपतो ते माप, कमी करून पक्के करू लागलो. ते पक्के केले नाही, तर बोट काळवंडताच कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो आणि आपल्याला हवा तो बदल स्वतःच पुसून टाकतो. चांगला फोटो यावा म्हणून कॅमेऱ्यात जी हुशारी भरलेली असते, ती या कामात अशी आडवी येते.

दुसरी चूक माझी होती. माझीच नाडी मोजताना ९० आली आणि मनगटावर ती ७२ होती. दोन संध्याकाळी वाया घालवल्यावर लक्षात आले की उजेड कमी वाटल्यामुळे फोनने सेकंदाला ३० ऐवजी २४ चित्रेच टिपली होती आणि मी हिशेब ३०ने करत होतो. ७२च्या गतीने एका ठोक्याला २४च्या हिशेबाने २० चित्रे लागतात. तीच २० चित्रे ३०ने भागली की ठोका दोन तृतीयांश सेकंदाचा होतो आणि नाडी ९०वर जाते. आलेख दिसायला सुरेख होता, एकही लाट वेडीवाकडी नव्हती, आणि उत्तर साफ चुकलेले होते. तेव्हापासून प्रत्येक चित्राची खरी वेळ फाइलमधून वाचल्याशिवाय मी भागाकार करत नाही.

आता बाबांच्या आलेखाविषयी. त्यात एक उंच लाट येत होती, तिच्यानंतर साधारण अर्ध्या सेकंदाने उतारावर एक इवलासा उंचवटा येत होता, तांदळाच्या दाण्याएवढा म्हणावा असा, आणि मग एका सेकंदाहून जास्त काळ काहीच नव्हते. पुन्हा उंच लाट, पुन्हा दाणा, पुन्हा शांतता. मिनिटभरात अशा ३८ जोड्या. डॉक्टरांच्या टेबलावरची ती पट्टीच जणू मी माझ्या लॅपटॉपवर पुसट शाईत पाहत होतो. ३८ हा आकडा देणाऱ्या ॲपसमोरही हे दाणे आलेच असणार. त्याने ते कचरा समजून टाकून दिले होते.

मला आधी त्या ॲपचा राग आला, पण माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याच्या बोटाचा व्हिडिओ तपासला तेव्हा तो निवळला. तरुण माणसाच्या निरोगी नाडीतही मुख्य लाट ओसरताना एक लहानशी खाच आणि तिच्यामागे एक छोटा उंचवटा असतो. मुख्य धमनीच्या तोंडाशी असलेली झडप मिटणे आणि शरीराच्या खालच्या भागातून लाट परतून येणे यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. दिसेल तो उंचवटा मोजायचा असे ठरवले असते, तर भाच्याची नाडी दुप्पट भरून १४०च्या घरात गेली असती आणि त्या घरातही एक झोप उडाली असती. म्हणून ॲप लिहिणारा माणूस उंबरठा ठरवतो आणि त्याहून बुटके ते सारे सोडून देतो. हजारो निरोगी बोटांसाठी हा निर्णय योग्य आहे, आणि ज्याचे बोट निरोगी नाही त्याच्यासाठी नेमका तोच घात करतो. लाटांचा मूळ आलेख वापरणाऱ्याला दाखवला, तर निदान काहीतरी वेगळे चालले आहे एवढे तरी कळेल. पण बहुतेक ॲप्स एक मोठा आकडा आणि एक धडधडणारे हृदयाचे चित्र दाखवून मोकळी होतात. असे वेगळेपण ओळखणे अशक्य मात्र नाही: फायब्रिचेक नावाच्या बेल्जियममधल्या ॲपला, बोटावरून ठोक्यांचा अनियमितपणा ओळखण्यासाठी, औषधे आणि वैद्यकीय उपकरणे तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये परवानगी दिली आहे.

ठोके मोजण्याची दुसरी रीत म्हणजे एकेक लाट न मोजता दहा सेकंदांच्या तुकड्यात कोणती लय सर्वांत जोरात आहे ते गणिताने शोधायचे. यात एखाद्या लाटेच्या चुकीने बिघडत नाही, पण दहा सेकंदांच्या तुकड्यातून मिळणारी बारकाई मिनिटाला सहा ठोक्यांची असते. म्हणजे ७२ नंतर एकदम ७८. मधले आकडे दिसले, तर ते अंदाजाने भरलेले किंवा जास्त लांबीच्या तुकड्यातून आलेले असतात. याच कारणाने, ठोक्याठोक्यांमधल्या वेळेच्या फरकावरून तुमचा ताण सांगणाऱ्या ॲप्सकडे मी संशयाने पाहतो. तो फरक बहुधा काही दशक मिलिसेकंदांचा असतो आणि ३०च्या गतीने टिपलेल्या दोन चित्रांमध्येच ३३ मिलिसेकंद निघून जातात. मधले बिंदू गणिताने जुळवता येतात हे खरे, परंतु बोट जरा हलले की सारे मुसळ केरात.

उजेडाने नाडी पाहण्याची कल्पना फोनच्या फार आधीची आहे. ती १९३०च्या दशकात प्रयोगशाळेत आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये ताकुओ आओयागी हृदयातून किती रक्त बाहेर पडते हे रंगद्रव्य टोचून आणि कानावर उजेड टाकून मोजू पाहत होते, तेव्हा नाडीचे चढउतार त्यांच्या रेघेत लुडबूड करत होते. त्या लुडबुडीतूनच रक्तातला ऑक्सिजन मोजता येईल हे त्यांनी ओळखले आणि आज दवाखान्यात बोटाला लावतात तो पल्स ऑक्सिमीटर त्यातून घडला. त्याला लाल आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त असे दोन ठरावीक प्रकाश लागतात. फोनच्या फ्लॅशमध्ये अवरक्त प्रकाश जवळजवळ नसतो, त्यामुळे करोनाच्या काळात "फोनवरच ऑक्सिजन मोजा" म्हणत जी ॲप्स हातोहात पसरली, त्यांच्यावर भरवसा ठेवण्यात धोका होता. नाडीचे तसे नाही. नाडीला फक्त लय सापडली तरी पुरते, रंगाचे अचूक माप लागत नाही.

बोट न लावताही नाडी दिसते, हे मला यातले सर्वांत नवलाचे वाटते. साध्या कॅमेऱ्याने आणि खोलीतल्या नेहमीच्या उजेडात, अंतरावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून नाडी मोजता येते, आणि त्यासाठी हिरवा रंग सर्वांत उपयोगी पडतो, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले. एकेका बिंदूत हा बदल गोंधळात बुडून जातो, परंतु कपाळावरच्या हजारो बिंदूंची सरासरी काढली की तो वर येतो. मी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापुढे बसून प्रयत्न केला. श्वास रोखून बसलो तोवर जमले आणि आईचा फोन आल्यावर हसलो तेथे आलेख कोलमडला. सावळ्या कातडीत मेलॅनिन हे त्वचेला रंग देणारे द्रव्य उजेडाचा मोठा वाटा आधीच खाऊन टाकते, त्यामुळे चेहऱ्यावरून मोजताना आपल्याकडच्या बहुतेकांच्या बाबतीत लाट अधिकच दुबळी निघते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

बाबांना आता या सगळ्याचा नाद लागला आहे. सुरुवातीला ते व्हिडिओ व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवत, आणि तेथे फाइल लहान करताना नेमके हे बारीक चढउतारच चिरडले जात. माझ्या हाती नुसता पायऱ्यापायऱ्यांचा आलेख येई. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा, बाबा," हे चार वेळा सांगितल्यावर जमले. बोट भिंगावर फार दाबले की रक्तच बाजूला सरते आणि लाट मरते, फ्लॅश मिनिटभरात चटका देण्याइतका तापतो, सकाळी गार पाण्यात हात घातल्यावर काही मोजू नये, हे त्यांना आता पाठ आहे.

गोळी बदलल्यानंतर महिनाभराने त्यांनी पाठवलेल्या व्हिडिओत पडद्यावर अर्थातच लाल चौकोनाशिवाय काही नव्हते. आवाज मात्र होता. फोन टेबलावर पालथा ठेवून डाव्या हाताचे बोट भिंगावर आणि उजव्या हाताची बोटे डाव्या मनगटावर ठेवून बाबा मोठ्याने नाडी मोजत होते; मध्येच कुकरची शिट्टी झाली, आईने काहीतरी विचारले, पण त्यांनी मोजणे सोडले नाही. मिनिट भरले तेव्हा ते "बहात्तर" म्हणाले. मी आलेख काढला. लाटा एकसारख्या उंचीच्या, एकामागून एक नीट ओळीत होत्या. फक्त एकोणिसाव्या आणि एकेचाळिसाव्या सेकंदाला उतारावर एकेक दाणा होता. ते धरून माझे चौऱ्याहत्तर भरले.