नंबर बंद, बेअरिंग चालू

जर्मनीत आल्यावर कुणाकडून तरी वापरलेलीच घेतलेली आमची वॉशिंग मशीन यंदा कपडे पिळताना जातं फिरवल्यासारखी घरघरू लागली. ड्रम ज्यावर फिरतो ते बेअरिंग गेलं होतं. कंपनीला पार्ट नंबर कळवला, तर एका ओळीचं उत्तर आलं: 'निष्ट मेअर लीफरबार'. आता मिळणार नाही. सोबत नव्या मॉडेलची माहिती मात्र आठवणीने जोडलेली!

युरोपीय संघाचा १ मार्च २०२१ पासून लागू झालेला नियम सांगतो, की मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यावर किमान १० वर्षं सुटे भाग मिळायलाच हवेत. आमची मशीन त्याच्या कितीतरी आधीची.

शेवटी शनिवारी टबच खोलला. आमचा स्क्रूवाला निघाला म्हणून बरं. हल्ली कित्येक टब कायमचे जोडून बंदच करतात, तिथे सगळं ज्ञान फुकट. गंज पुसल्यावर बेअरिंगच्या कडेला आकडा दिसला: ६२०५. म्हणजे बंद झाला होता तो कंपनीने दिलेला नंबर. ६२०५ जगभर एकच. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणा, आतला व्यास २५ मिमी. बाहेरचा ५२, जाडी १५. हेच बेअरिंग कुठल्या तरी मोटरीत, पंपात फिरतच असतं. दोन दिवसांत हातात आलं.

ऑइल सीलने, म्हणजे बेअरिंगपर्यंत पाणी जाऊ न देणाऱ्या रबरी कड्याने, मात्र घाम काढला. व्हर्निअरने मापं घेतली. आतला-बाहेरचा व्यास जुळणारा मिळाला, पण रुंदी २ मिमी कमी. आधी वाटलं, गेलं सगळं. मग ड्रमच्या शाफ्टवर बोट फिरवलं, तर जुन्या सीलच्या ओठाने, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेने, तिथे बारीक खाच पाडलेली. नेमक्या मापाचं सील पुन्हा त्याच खाचेत बसलं असतं आणि पाणी झिरपलं असतं. अरुंद सीलचा ओठ शेजारच्या गुळगुळीत जागी बसला. ही अक्कल आधी नव्हती, कबूल करतो.

आता राहिली दरवाजाची प्लास्टिकची कडी. खोलाखोलीत माझ्याच हातून तुटली. तिच्यावर ना कुठला आकडा, ना तिचं कुठलं ठरलेलं माप. इथे रिपेअर कॅफे भरतात, म्हणजे लोक जमून मोडक्या वस्तू दुरुस्त करतात; पहिला २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला भरला होता. आमच्या इथल्या कॅफेत थ्रीडी प्रिंटर आहे. दोन्ही तुकडे डबीत ठेवलेत, पुढच्या वेळी नेईन. तोवर दार चिकटपट्टीवर.