चेस्टरच्या हँबलटोनियनच्या गावी

न्यू यॉर्क शहरापासून वायव्येकडे निघाले की काही तासांतच ऑरेंज काउंटीतील चेस्टर हे लहानसे गाव लागते. हँबलटोनियन नावाचा घोडा येथे पुरला आहे. 1893 मध्ये उभारलेला त्याचा ग्रॅनाइटचा स्तंभ पाहिला आणि एखाद्या सेनापतीलाही इतका मान क्वचितच मिळत असेल, असे वाटून गेले.

महालक्ष्मीच्या मैदानावर आपण पाहतो ते थरोब्रेड घोडे स्वाराला घेऊन चौखूर धावतात. इकडच्या हार्नेस शर्यतीत मात्र घोडा दोनचाकी हलक्या गाडीला जुंपलेला असतो आणि त्याने दुडकी किंवा ठरलेली दुसरी चाल न मोडता धावायचे असते. चाल मोडून तो चौखूर उधळला, तर सारथ्याला त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावे लागते. या शर्यतीसाठी तयार झालेल्या स्टँडर्डब्रेड जातीचा हँबलटोनियन हा मूळपुरुष होय.

त्याचा जन्म 1849 मध्ये जवळच्याच शुगर लोफ येथे, जोनास सीली यांच्या शेतावर झाला. त्याच शेतावर राबणाऱ्या विल्यम रिसडिक यांनी लंगडी घोडी आणि तिचे शिंगरू असे दोन्ही मिळून 125 डॉलरना विकत घेतले. पुढे हँबलटोनियनपासून 1,300 हून अधिक शिंगरे झाली, एका घोडीमागे 500 डॉलर आकारले जाऊ लागले आणि रिसडिक श्रीमंत झाले. गंमत म्हणजे हा घोडा स्वतः एकाही जाहीर शर्यतीत उतरला नव्हता. 1852 मध्ये लाँग आयलंडवर घेतलेल्या वेळेच्या चाचणीत त्याने एक मैल 2 मिनिटे 48.5 सेकंदांत काटला, एवढीच त्याच्या नावावरची नोंद. त्याची कीर्ती पसरवली ती डेक्स्टरसारख्या वेगवान मुलांनी. डेक्स्टर खच्ची केलेला असल्याने वंश मात्र इतरांनी चालवला. जॉर्ज विल्क्स, डिक्टेटर, हॅपी मीडियम आणि इलेक्शनिअर या चौघांपैकी कोणाच्या ना कोणाच्या पितृवंशात आजचा जवळजवळ प्रत्येक अमेरिकन स्टँडर्डब्रेड मोडतो. इलेक्शनिअर तर लेलंड स्टॅनफर्ड यांच्या पालो आल्टो येथील पागेत गेला. आज तेथे विद्यापीठ आहे.

शेजारच्या गोशेन गावात 1838 पासूनची धावपट्टी आहे आणि तिला लागून हार्नेस शर्यतींचे संग्रहालय आहे. तीन वर्षांच्या दुडक्या घोड्यांसाठी 1926 मध्ये सुरू झालेली हँबलटोनियन शर्यत 1930 नंतर बराच काळ याच गावात होत असे. 1981 पासून ती न्यू जर्सीतील मेडोलँड्स येथे होते.

वंशावळी वाचताना मला एक गोष्ट खटकत राहिली. हँबलटोनियनचे वडील अब्दल्ला आणि त्यांच्या मागे 1788 मध्ये इंग्लंडहून आलेला मेसेंजर, यांच्याविषयी हवे तेवढे लिहिलेले सापडते. मेसेंजरचे रक्त आईकडूनही आले होते. शिवाय तिचा बाप बेलफाउंडर हा नॉरफोकचा नावाजलेला दुडक्या चालीचा घोडा. मुलाच्या चालीत तिचा वाटा थोडा खचितच नसावा. तरीही ती लंगडी घोडी वंशावळीत आजही केवळ ‘चार्ल्स केंट यांची घोडी’ म्हणून, म्हणजे एका जुन्या मालकाच्या नावानेच, नोंदलेली आहे.