वर्धा रोड आडवा, पायदळ

"पायदळ? काहून?" चहाचा कप तोंडाशी नेता नेता धाकटी बहीण थांबली. "ताई, गाडी आहे, ऑटो आहे, आता तर मेट्रो पण आहे. खामल्याला पायदळ कोण जाते?"

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे चालत जाण्याला पायदळ जाणं म्हणतात. लग्नानंतर पुण्यात आले तेव्हा शेजारणीला "भाजी आणायला पायदळच गेले होते" म्हटलं आणि तिच्या चेहऱ्यावर थेट सीमेवरचं युद्ध उभं राहिलं. तीस वर्षं झाली, पण नागपूर स्टेशनवर उतरलं की जीभ आपोआप रूळ बदलते. पायदळ, बर्डी (म्हणजे सीताबर्डी), ऑटो. (इथे रिक्षा म्हटलं की जुन्या माणसांना सायकलरिक्षाच आठवते.)

बहीण मनीषनगरात राहते, आत्या खामल्यात. दोघींच्या घरांत फार तर तीन किलोमीटर. पण मधे दोन गोष्टी आडव्या पडल्या आहेत: रेल्वेचे रूळ आणि वर्धा रोड. दोन्ही जवळजवळ समांतर, दोन्ही शहरातून दक्षिणेकडे निघालेले. बाबांनी मनीषनगरला प्लॉट घेतला तेव्हा आत्या म्हणाली होती, "दादा, फाटकापलीकडे कशाला जातो?" फाटकापलीकडे म्हणजे गावाबाहेर. ते फाटक ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आत्याचं म्हणणं लगेच पटेल. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही मार्गांवरच्या गाड्या नागपूर ते वर्धा एकाच पट्ट्यातून जातात. एक एक्स्प्रेस गेली म्हणून सायकलचं पेडल मारावं, तर समोरून मालगाडी. आम्ही फाटकाशी उभं राहून डबे मोजायचो. मला अठ्ठावन्न डब्यांपर्यंतचे पाढे तिथेच आले असावेत.

आता फाटकाशी ताटकळायला नको. वरून पूल आहे, खालून रस्ता आहे. सकाळी सातला मी खालच्या रस्त्यानं निघाले. डिसेंबरचं ऊन अजून उतरायचं होतं, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. गाड्यांसाठी रस्ता झकास आहे. पायी जाणाऱ्याला मात्र भिंतीला खेटून, पाठीमागच्या हॉर्नकडे कान ठेवूनच जावं लागतं. पुढे एक दूधवाला सायकल हातात धरून चढ चढत होता. मी त्याच्या मागे लागले. सायकलीच्या मागे चाललं की मोटारवाले जरा लांबून जातात, हे शाळेतलं शहाणपण अजून कामी येतं.

आणि मग वर्धा रोड.

हा रस्ता म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग ७, वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा. नागपूरपलीकडचा तो महामार्ग आता ४४ क्रमांकानं ओळखतात. माझ्या लहानपणी तो शहराच्या कडेनं जायचा. मग शहर त्याच्या दोन्ही अंगांनी वाढलं, लेआऊटमागून लेआऊट पडले, आणि ट्रकांचा रस्ता वस्त्यांच्या मधोमध आला. हे कुणी ठरवून केलं नाही. प्लॉट स्वस्त होते, लोक घेत गेले.

आज तिथे तीन मजली वाहतूक आहे. खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्या वर मेट्रो, आणि वरचे दोन्ही मजले एकाच खांबावर. ३.१४ किलोमीटरचा हा पूल नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाला, पुढे गिनीज बुकातही गेला. बहिणीचे यजमान हा आकडा सांगताना दशांश चिन्हानंतर थोडं थांबतात. थट्टा बाजूला ठेवू, कारण कल्पना खरंच हुशारीची आहे. मेट्रोचे खांब वेगळे आणि पुलाचे वेगळे उभे केले असते तर दोन्हीकडची किती घरं-दुकानं गेली असती कोण जाणे. विमानतळाकडे धावणारा माणूस वर गेला, खालचा रस्ता गावातल्यांसाठी उरला. निदान कागदावर तरी.

मी दुभाजकाच्या बाजूनं एक फट शोधली. लोक जिथून रोज जातात तिथलं गवत झिजलेलं असतं, तशी ती फट लगेच सापडते. एक काकू हातात फुलांची परडी घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून "चला" म्हटलं आणि आम्ही दोघी, एकमेकींना न ओळखणाऱ्या, हात धरून अर्धा रस्ता पार केला. खांबाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "इथं थोडं थांबायचं. इथं सावली राहते." आणि खरंच, त्या प्रचंड खांबाच्या आडोशाला, दोन प्रवाहांच्या मधे, एक माणूस बादलीत ब्रश बुडवून कुंड्या धूत होता, जणू स्वतःच्या अंगणात. अंगण म्हणून खरंच बरी जागा होती ती.

पलीकडे पोहोचल्यावर काकूंनी सांगितलं, "संध्याकाळी मी मेट्रोतून येते. स्टेशनातून. पायऱ्या चढाव्या लागत नाही, लिफ्ट आहे."

"तिकीट?"

"गाडीत कुठं बसायचं आहे? इकडून चढायचं, तिकडून उतरायचं."

आत्याकडे तर्री-पोहे खाऊन (सकाळी दहाला, आणि तर्री अशी की पुण्याच्या नाकाला पाणी सुटलं) परतताना तेच केलं. जयप्रकाशनगर स्टेशनच्या दारात सुरक्षारक्षकाला विचारलं, पलीकडे जायचं आहे, चालेल का? त्यानं हातानंच 'जा' म्हटलं. लिफ्टनं वर गेले. शाळेचे मोजे घातलेली दोन मुलं, कुरिअरची बॅग लावलेला एक पोरगा, एक आजी, आणि मी. पायाखालून वर्धा रोड वाहत होता आणि आवाज इतका कमी की आजींच्या बांगड्या ऐकू येत होत्या. दोन मिनिटांत दुसरी बाजू. बांधणाऱ्यांच्या डोक्यात अर्थातच प्रवासी असणार, पण त्या भागासाठी तो रस्ता ओलांडायचा पूल झाला आहे.

मागच्या वर्षी भाच्याकडे डॅलसला गेले होते, तिथली एक जागा तेव्हा आठवली. क्लाइड वॉरेन पार्क. शहराचा जुना मध्यभाग आणि अपटाऊन यांच्या मधून वुडॉल रॉजर्स नावाचा महामार्ग खाचेतून जातो. त्या खाचेवर त्यांनी छत घातलं आणि छतावर ५.२ एकरांची बाग केली, २०१२ मध्ये. मी हिरवळीवर बसून आइस्क्रीम खात होते आणि भाचा म्हणाला, "मामी, तुझ्या खाली आत्ता आठ लेन आहेत." मी विश्वास ठेवला नाही. बागेच्या टोकाला जाऊन वाकून बघितलं, तेव्हा गाड्या दिसल्या. पूर्वी त्या खाचेमुळे दोन्हीकडचे लोक पायी एकमेकांकडे जाईनासे झाले होते, आता दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कचेऱ्यांतली माणसं डबे घेऊन तिथे येतात. नागपूरला असं करता येणार नाही, कारण आपला रस्ता खाचेत नाही, आणि आपण छत घातलं ते गाड्यांसाठी. पण पायी माणसासाठी वेगळा मजला लागतो, एवढं तिथे डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं बर्डीच्या दिशेला गेले. छत्रपती चौकात मुद्दाम उतरले. इथे आधी एक उड्डाणपूल होता. २०१६ मध्ये तो पाडला, कारण नव्या दुमजली बांधकामाला जागा हवी होती. पूल पाडताना बघायला आम्ही सुट्टीत गेलो होतो, आईसुद्धा. ती म्हणाली, "हा बांधला तेव्हा पण लोक बघायलाच आले होते." चौक मात्र तसाच आहे: नरेंद्रनगरकडून येणारे, खामल्याकडून येणारे, रिंग रोडवाले. सिग्नलला पादचाऱ्यासाठी हिरवा माणूस लागतो, पण त्याला गाडीवाल्यांइतकी किंमत कुणी देत नाही. ओलांडणाऱ्यांत मी एकटी अशी होते जी त्याच्याकडे बघत होती. बाकी सगळे गाड्यांकडे.

परवा स्टेशनवर उतरले तेव्हाही असाच एक धक्का बसला होता. नागपूर स्टेशनासमोरचा उड्डाणपूल गायब. त्याच्या पोटातली दुकानं गायब. बाहेर आल्यावर टेकडीच्या गणपतीची बाजू, झाडं, आकाश, सगळं एकदम मोकळं. सावनेरच्या दगडातली १९२५ सालची ती इमारत मी पहिल्यांदा नीट, रस्त्यापलीकडून, पूर्ण बघितली. पूल होता तेव्हा ती मान वाकडी करून तुकड्यांत बघावी लागे. पुलाखालच्या एका दुकानातून आम्ही दर सुट्टीत परतताना बॅगेची चेन दुरुस्त करून घ्यायचो. तो दुकानदार आता कुठे बसतो, मला माहीत नाही. मोकळी जागा माणसांसाठी नाही, रुंद रस्त्यासाठी केली आहे, हे तिथे उभं राहिल्यावर कळतंच. स्टेशनातून टेकडीकडे जायचं तर आता आधीपेक्षा जास्त पावलं उघड्यावर टाकावी लागतात. तरी पूल नसलेलं बरं. हे माझं मत, दुकानदाराचं वेगळं असणार.

छत्रपती चौकातून पुन्हा मेट्रोनं निघाले. बर्डीला उतरून मोर-भवनाकडे न जाता झिरो माइलकडे वळले. अधिवेशन सुरू होतं. लोखंडी कठडे, पोलीस, आणि गाड्यांना वळसे. पायी माणसाला मात्र जाऊ देत होते. वर्षातले हे काही दिवस बर्डीचा तो तुकडा चालणाऱ्यांचा असतो. पण मला इथे फार वेळ मजेत चालता येत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर मोर्चा घेऊन आलेले गोवारी समाजाचे लोक इथेच चेंगरून मेले, ११४ जण. बायका आणि मुलंच जास्त. मी तेव्हा नुकतीच पुण्याला गेले होते, बाबांनी रात्री एसटीडी बूथवरून फोन करून सांगितलं होतं. त्यांचं स्मारक इथे आहे, आणि बर्डीवरच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल असं नाव आहे. पायी आलेल्या माणसांचं नाव एका पुलाला, ज्यावर पायी जाता येत नाही. नाव देणाऱ्यांनी चांगल्या मनानंच दिलं असेल. मी स्मारकाशी थोडा वेळ उभी राहिले. शेजारी एक पोलीस भाऊ संत्रं सोलत होते, त्यांनी दोन फोडी माझ्यापुढे केल्या.

तिथून गड्डीगोदामला मेट्रोनं दोन स्टेशनं. तिथे चार मजले आहेत: सगळ्यात खाली कामठी रोड, त्यावर आगगाडी, त्यावर उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा कामठी रोडचा पूल खुला झाला. फोटो काढायला लोक येतात, मीही काढला. खालच्या मजल्यावरून चालणाऱ्याला काय वाटतं हे बघायला खाली गेले आणि पाच मिनिटांत परत आले. अंधार, ओल, हॉर्नचा घुमारा. वर एक मालगाडी गेली तेव्हा छातीत धडधडलं. एक बाई डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन आरामात चालत गेल्या. त्यांना सवय आहे. कडबी चौक, इंदोरा इकडच्या लोकांना या रस्त्यावर काय सुचेल ते मी एका फेरीत सांगणं बरोबर नाही, म्हणून थांबते.

निघायच्या आदल्या दिवशी आत्याला मनीषनगरला जेवायला आणायचं ठरलं. बहीण गाडी काढायला निघाली, मी म्हटलं, नको, मी आणते. आत्या ८२ वर्षांची. वर्धा रोड तिनं पायी शेवटचा कधी ओलांडला ते तिलाही आठवेना.

"तो रस्ता?" ती म्हणाली. "मरायचं आहे का मला?"

"वरून जायचं आहे, आत्या. लिफ्ट आहे."

घरापासून स्टेशनपर्यंत वीस मिनिटं लागली, कारण वाटेत दोनदा ओळखीच्या भेटल्या आणि एकदा वांगी घ्यायची राहिली होती. लिफ्टमधे तिनं माझा दंड घट्ट धरला. वरच्या आडव्या मजल्यावर आल्यावर काचेशी थांबली. खाली गाड्यांची रांग, पलीकडे ओळखीची गच्ची, टाकी, आणि लांबवर रूळ.

"ती दादाची दिशा," ती म्हणाली. "इतकं जवळ आहे?"

पलीकडे उतरलो. पुढे रेल्वेखालचा रस्ता. ती त्याच्या तोंडाशी उभी राहिली, आतून येणाऱ्या हॉर्नचा आवाज ऐकला, वांग्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि हात वर करून ऑटो थांबवला.

"इथपर्यंत आली ना पायदळ," ती आत बसता बसता म्हणाली. "आता मुकाट्यानं बस."