'द व्हॅम्पायर बॅट' (१९३३): मशालींचं रंगकाम, भाग २

या काळ्या-पांढऱ्या भयपटातल्या मशालींच्या ज्वाळा संगणकावर पुन्हा रंगवायच्या आहेत. आता पाठलागाचा प्रसंग घेतलाय. क्लाइनश्लॉस गावात एकेक मुडदा सापडतो, अंगात रक्ताचा थेंब नाही, मानेवर दोन भोकं. संशय जातो वटवाघळं गोळा करणाऱ्या भोळसट हर्मनवर (ड्वाइट फ्राय). गाव मशाली घेऊन त्याच्यामागे लागतं. मूळ प्रिंटमध्ये याच ज्वाळा रंगकार गुस्ताव ब्रॉकने हाताने रंगवल्या होत्या. नंतरच्या डुप प्रिंटमध्ये (प्रतीवरून काढलेल्या प्रतीत) उरलं नुसतं काळं-पांढरं. २०१७च्या ब्लू-रेत रंग परत आलाय, तोच आपला नमुना.

प्रताधिकारमुक्त प्रत टेपवरची, सेकंदाला २९.९७ फ्रेमची असेल तर आधी पुलडाउन (फिल्म व्हिडिओवर घेताना घातलेल्या जादा फ्रेम) काढा. दर पाच फ्रेमपैकी दोन फ्रेममध्ये कंगव्यासारख्या रेघा असतात, त्यावर रंग टाकला की ज्वाळेला दोन कडा दिसतात. इन्व्हर्स टेलिसिनेच करा, म्हणजे फिल्मच्या मूळ फ्रेम परत जुळवा आणि २३.९७६वर या. साधं डीइंटरलेस केलं, म्हणजे नुसत्या रेघा पुसल्या, तर तपशील जातो आणि जादाच्या फ्रेम तशाच राहतात. मग फ्रेमची थरथर काढा, नाहीतर मास्क (रंग जिथे चढवायचा तो आखलेला भाग) ज्वाळेवरून घसरून कुणाच्या तरी टोपीवर जातो.

रिझॉल्व्ह या रंगसंस्काराच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या नोडवर (कामाच्या टप्प्यावर) गेन, म्हणजे उजळ भागांची पातळी, उतरवून सर्वांत उजळ भाग ८५ टक्क्यांच्या आसपास आणा. जळलेल्या पांढऱ्यावर रंग चढतच नाही, बहुतेकांचं इथेच अडतं. दुसऱ्या नोडवर ल्युमा क्वालिफायर (उजळपणावरून भाग निवडणारं साधन) आणि सोबत विंडो, म्हणजे निवड मर्यादित ठेवणारी आखलेली चौकट. युनिव्हर्सलच्या भाड्याच्या सेटवर रात्री चित्रण झाल्यामुळे आकाश काळंभोर मिळतं, पण कॉलर आणि कपाळं ज्वाळेइतकीच उजळ आहेत. विंडो नसेल तर पाटीलसुद्धा पेटतो! हालचालीचा माग काढणारा ट्रॅकर ज्वाळेवर लावू नका, ती दर फ्रेमला आकार बदलते. मशालीचा दांडा ट्रॅक करा, विंडो त्याला बांधा. दोन मशाली एकमेकींना ओलांडतात तिथे मात्र हातानेच कीफ्रेम, म्हणजे विंडोची जागा फ्रेमगणिक स्वतः ठरवायची. १० सेकंदांचे २४० फ्रेम, सुटका नाही.

रंग गाभ्यात पिवळा, कडेला नारिंगी. चेहऱ्यांवर उजेडाची झाक देऊ नका, ती डिजिटल हौस वाटते. कड ४८० रेघांच्या प्रतीत दोन-तीन पिक्सेल मऊ ठेवा. रंग जरा बाहेर सांडला तर सांडू द्या, ब्रशचं काम असंच दिसतं.

डॉक्टर फॉन नीमनच्या प्रयोगशाळेला हात लावलेला नाही. खरा खुनी तोच, त्यामुळे तिथलं रक्त लाल करायचा मोह होतो. करू नये.

गुहेतले शॉट बाकी आहेत. तिथे धूर आणि ज्वाळा एकाच करड्या छटेत मिसळतात, क्वालिफायर पूर्ण निकामी. ते फ्रेम टिफ चित्रफाइलींमध्ये काढून एकेक रंगवायचे.